गोड सायडर: नाव गोड, भिस्त आंबट सफरचंदावर

अमेरिकेत कुणी 'सायडर' मागितलं की बहुधा सफरचंदाचा ताजा, गढूळ, तपकिरी रस समोर येतो. इंग्लंडमध्ये तेच मागितलं तर ग्लासात मद्य येतं. 'स्वीट सायडर', म्हणजे गोड सायडर, हे नाव अमेरिकी वापरातलं आहे. आंबवलेल्या 'हार्ड सायडर'पासून ते वेगळं ओळखता यावं, एवढाच त्याचा उद्देश. ब्रिटिश माणूस त्याच नावाने गोडवा शिल्लक ठेवलेलं मद्य ओळखतो, आणि फ्रान्समधलं 'सीद्र दू' हेही गोड असलं तरी ३ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेलं आंबवलेलं पेय आहे. त्यामुळे कृती शोधताना ती कुठल्या देशातल्या माणसाने लिहिली आहे ते आधी बघावं. इथे सांगतोय ते अमेरिकी अर्थाचं सायडर: सबंध सफरचंदं किसून, दाबून काढलेला रस. त्यात पाणी नाही, साखर नाही, मसाला नाही.

सफरचंदाच्या फोडी दालचिनी-लवंगेबरोबर पाण्यात तासन्‌तास उकळायच्या आणि गाळून घ्यायच्या, अशीही कृती 'घरगुती सायडर' म्हणून फिरत असते. तो सफरचंदाचा काढा झाला. चवीला बरा लागतो, घरभर वासही छान सुटतो, पण त्याला सायडर म्हणायला मी तयार नाही.

मग सायडर आणि सफरचंदाचा ज्यूस यात फरक काय? रूढ फरक असा की ज्यूस गाळून पारदर्शक केलेला असतो, आणि उष्णता देऊन कपाटात महिनोन्‌महिने टिकेल असा बंद केलेला असतो. सायडरमध्ये गराचे बारीक कण, रसाला दाटपणा देणारं पेक्टिन आणि तुरटपणा देणारं टॅनिन तसंच राहू देतात. रंग, जिभेवरचा भरीवपणा आणि किंचित तुरटपणा हे सगळं त्या गढूळपणातूनच येतं.

अमेरिकेतही वसाहतींच्या काळात सायडर म्हणजे आंबवलेलंच असे. सफरचंदाच्या सालीवर आणि दाबयंत्राच्या लाकडावर यीस्ट, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारे सूक्ष्मजीव, असतातच. रस पिंपात भरला की तो आपसूक आंबू लागायचा, आणि फ्रीज नसताना गोड रस ही हंगामातल्या काही दिवसांची चैन होती. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात उघडपणे विकता येण्यासारखं सायडर म्हणजे न आंबलेलंच. घरोघरी फ्रीज आले तेव्हा तो रस आठवडाभर गोड ठेवणंही शक्य झालं. सायडर करताना हे लक्षात असलेलं बरं. रस निघतो त्या क्षणापासून तो आंबायच्या वाटेवर असतो, आणि आपली निम्मी मेहनत त्याला त्या वाटेवर रेंगाळत ठेवण्यात जाते. उरलेली निम्मी सफरचंदं निवडण्यात.

सफरचंदं: इथेच सगळं ठरतं

गोड सायडर करायचं म्हणून सगळी गोड सफरचंदं घेतली, तर हाती मिळमिळीत साखरपाणी येतं. पहिला घोट बरा वाटतो, अर्ध्या ग्लासात कंटाळा येतो. रसाला आम्लाचा कणा लागतो आणि मागे जिभेवर रेंगाळणारा थोडा तुरटपणाही लागतो. म्हणून एकाच जातीच्या रसापेक्षा मिश्रण जवळपास नेहमीच सरस ठरतं.

इंग्लंडमधल्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायडरच्या सफरचंदांचे चार गट पाडले गेले: गोड, आंबट, तुरट-गोड आणि तुरट-आंबट. रसात आम्ल ०.४५ टक्क्यांहून जास्त असेल तर ते फळ आंबट, आणि टॅनिन ०.२ टक्क्यांहून जास्त असेल तर तुरट. ही विभागणी झाली ती मद्यासाठी, पण गोड सायडरचा विचार करतानाही ती कामी येते. फक्त आपल्याकडे तुरट गटातली खास सायडरची सफरचंदं, म्हणजे डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक वगैरे, क्वचितच असतात. आणि असली तरी ती थोडीच घालायची.

खाण्याच्या जातींतून मिश्रण करायचं झालं तर निम्मा भाग गोड सफरचंदांचा धरावा: रेड डिलिशस, गोल्डन डिलिशस, फुजी, गाला. पाव ते एक तृतीयांश भाग आंबट हवा. ग्रॅनी स्मिथ सहज मिळतं. जोनाथन किंवा नॉर्दर्न स्पाय मिळालं तर जास्त चांगलं, कारण त्यांच्या आंबटपणाला स्वतःचा स्वाद असतो. उरलेल्या भागात वासाचं फळ घालायचं. मॅकिंटॉश हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. ही जात १८११ च्या सुमारास कॅनडातल्या ओंटारिओत सापडली आणि ईशान्य अमेरिकेतल्या सायडरला तिचाच सुवास असतो. क्रॅब ॲपल, म्हणजे लहान, करकरीत, दात आंबवणारी जंगली सफरचंदं, मिळाली तर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के घाला. त्यांनी रसाला जो तुरट कणखरपणा येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही.

हे प्रमाण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. एकाच झाडाची फळं एखाद्या वर्षी आंबट निघतात, एखाद्या वर्षी सपक. म्हणून शक्य तर प्रत्येक जातीचा रस वेगळा काढायचा, चमच्याने चाखत ग्लासात मिसळून बघायचा आणि मग तेच प्रमाण मोठ्या भांड्यात धरायचं. आंबट सफरचंद मिळतच नसेल तर लिटरला १ ग्रॅमपासून सुरुवात करून मॅलिक ॲसिड घालता येतं. सफरचंदातलं मुख्य आम्ल तेच आहे. लिंबू पिळूनही काम भागतं, पण मग लिंबाची चव कळते.

पिकलेपण हा दुसरा भाग. कच्च्या सफरचंदात स्टार्च असतो, तो पिकताना साखरेत बदलतो. फळ आडवं कापून त्यावर आयोडीनचं द्रावण लावलं आणि गर निळा-काळा झाला तर स्टार्च अजून शिल्लक आहे. ती फोड टाकून द्यायची, खायची नाही. एवढा खटाटोप नको असेल तर बिया बघाव्या. त्या तपकिरी झालेल्या हव्यात, पांढऱ्या नकोत. तोडलेली फळं आठवडा-दोन आठवडे थंड, हवेशीर जागी ठेवली की त्यांतला उरलेला स्टार्च साखर होतो आणि गर जरा सैलावतो. अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबलं की फळ तयार. त्यापुढे मात्र थांबू नये. भुसभुशीत, पिठूळ झालेलं सफरचंद किसल्यावर लगदा होतं, तो कापडाची छिद्रं बुजवतो आणि रस आतच अडकून राहतो. मोठे कारखाने अशा वेळी लगद्यात भाताचा भुसा मिसळतात, म्हणजे रसाला बाहेर यायला वाट मिळते. घरी सोपा उपाय म्हणजे तशी फळं न घेणं.

कोणती फळं टाकून द्यायची

'डागाळलेली, पडलेली सफरचंदं सायडरला चालतात' हा समज फार जुना आहे आणि अर्धाच खरा आहे. आकाराने वेडीवाकडी, लहान, सालीवर खरखरीत डाग असलेली फळं खुशाल चालतात. मार लागून तपकिरी झालेला भाग कापून टाकला की बाकीचं फळ वापरता येतं. पण सडलेलं, बुरशी आलेलं सफरचंद अख्खंच टाकायचं. पेनिसिलियम एक्स्पान्सम नावाची निळसर-हिरवी बुरशी पॅट्युलिन हे विष तयार करते, ते सडक्या भागाच्या पलीकडेही पसरलेलं असू शकतं, आणि रस तापवून ते जात नाही. अमेरिकेत रसातल्या पॅट्युलिनची मर्यादा किलोला ५० मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. चार सडकी फळं वाचवण्यासाठी सगळा घाणा पणाला लावण्यात शहाणपण नाही.

जमिनीवर पडलेली फळंही घ्यायची नाहीत. गवतात हरणं, गुरं चरलेली असतात, त्यांच्या विष्ठेतले जंतू फळाला लागतात आणि सालीच्या भेगेतून आत शिरले तर धुऊन निघत नाहीत. १९९६ साली अमेरिकेत आणि कॅनडात पाश्चराइझ न केलेल्या, म्हणजे जंतू मारण्यासाठी न तापवलेल्या, सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा आतड्याचा घातक जंतू पसरला, साठहून अधिक लोक आजारी पडले आणि एक लहान मूल दगावलं. रस आंबट असतो म्हणजे त्यात जंतू जगत नाहीत, ही समजूत त्याने कायमची मोडली. १९९८ पासून अमेरिकेत न तापवलेल्या रसाच्या बाटलीवर इशारा छापावा लागतो. २००१ मध्ये आणखी कडक नियम झाले, ज्यांनुसार रस उत्पादकाला रोगजंतूंची संख्या एक लाखपटीने कमी होईल अशी प्रक्रिया करावी लागते. स्वतःच्या दुकानातून थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्यांना यातून सूट आहे, इशारा छापण्यातून मात्र नाही.

साधनं

रस आम्लयुक्त असतो, त्यामुळे लोखंड, तांबं, जस्ताचा मुलामा दिलेली भांडी नकोत. धातू रसात उतरतो, चव बिघडते आणि रंग काळवंडतो. स्टेनलेस स्टील, काच, न टवका उडालेलं इनॅमल आणि खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक चालतं. किसायला हाताने फिरवायचं किंवा मोटरवर चालणारं सफरचंदाचं किसणीयंत्र आणि दाबायला लाकडी पट्ट्यांच्या टोपलीचं, वर स्क्रू असलेलं दाबयंत्र ही घरगुती जोडी. वर्षातून एकदा लागणारी वस्तू विकत घेण्यापेक्षा चार घरांनी मिळून घेतलेली किंवा भाड्याने आणलेली बरी.

अंदाज असा धरा: चांगल्या दाबयंत्रावर १० किलो सफरचंदांचा ५ ते ६ लिटर रस निघतो. मिक्सर आणि कापडावर काम केलं तर ४ लिटर मिळाले तरी समाधान मानावं.

सुरुवातीला सगळी साधनं गरम साबणपाण्याने धुवा. मग ४ लिटर पाण्यात १५ मिलिलिटर साधं, बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून त्या पाण्याने सगळं खळबळून निथळत ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. कापडी पिशव्या उकळून घ्या.

धुणं आणि किसणं

सफरचंदं किसायच्या अगदी आधी धुवायची. आधी धुऊन ठेवली तर ओलीमुळे बुरशी धरते. वाहत्या पाण्याखाली ब्रशने चोळा, विशेषतः देठाचा आणि खालचा खळगा. पानं, देठ काढा. सालं काढायची नाहीत, कारण रंग, सुवास आणि टॅनिन बरंचसं तिथेच आहे. किसणीयंत्र वापरणार असाल तर बियांचीही काळजी नको, त्या बहुतेक अख्ख्याच पलीकडे जातात. मिक्सरची पाती मात्र बिया फोडतात आणि रसात कडूपणा उतरतो. शिवाय बियांमधल्या अमिग्डालिनपासून सायनाइड सुटतं. ते थोड्या बियांत अगदी कमी असलं तरी मिक्सर वापरताना गाभा काढूनच टाकावा.

जाडसर, ओलसर कीस हवा, पेस्ट नको. इथे बऱ्याच जणांचा हात चुकतो: बारीक केलं तर जास्त रस निघेल असं वाटतं. प्रत्यक्षात पेस्ट कापडाला लिंपली जाते आणि दाब कितीही वाढवला तरी रस हलत नाही. मिक्सर थांबवत थांबवत, काही सेकंदच फिरवा. पातं फिरत नसेल तर पाण्याऐवजी आधी निघालेला थोडा रस घाला.

किसलेला गर पाहता पाहता तपकिरी होतो. फळातलं एन्झाइम हवेच्या संपर्कात टॅनिनवर काम करतं, हे त्याचं कारण. हे बिघडणं नव्हे, सायडरचा रंग यातूनच येतो. गर अर्धा-पाऊण तास झाकून थंड जागी ठेवला तर रंग गडद होतो आणि तुरटपणा थोडा मवाळ होतो, कारण बदललेलं टॅनिन गरालाच चिकटून मागे राहतं. क्रॅब ॲपल जास्त पडलं असेल तर ही मुदत उपयोगी पडते. फिकट, ताज्या चवीचा रस हवा असेल तर लगेच दाबा, आणि किसतानाच चिमूटभर व्हिटॅमिन सीची पूड घाला. मला गडद रंगच आवडतो. फिकट सायडर पाहिलं की कुणीतरी घाई केलीय असं वाटतं.

दाबणं

टोपलीत नायलॉनची किंवा जाड मलमलीची पिशवी बसवा, गर भरा, तोंड दुमडून वर लाकडी चकती ठेवा. नुसत्या वजनानेच रस गळू लागतो. तो ओघ मंदावला की स्क्रू थोडा फिरवा आणि थांबा. पुन्हा मंदावला की पुन्हा फिरवा. जोर एकदम लावला तर पिशवी फाटते, नाहीतर गर पट्ट्यांमधून पिचकारीसारखा उडतो. एका टोपलीला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. मोठ्या जुन्या यंत्रांवर गराचे थर कापडात गुंडाळून, मध्ये लाकडी जाळ्या ठेवत एकावर एक रचतात. तिथेही नियम हाच, दाब हळूहळू.

रस गळायचा थांबला की चोथा बाहेर काढून हाताने मोकळा करा आणि परत एकदा दाबा, आणखी थोडा रस मिळतो. जुन्या काळी त्याच चोथ्यात पाणी घालून, रात्रभर मुरवून पुन्हा दाबत. त्या पातळ पेयाला 'सायडरकिन' म्हणत. आज ते करण्यात चवीच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही, चोथा कंपोस्टात जाऊ द्या.

दाबयंत्र नसेल तर मिक्सरमधला गर कापडात बांधून हाताने पिळा, किंवा चाळणीत ठेवून वर जड भांडं ठेवा. घरगुती ज्यूसर वापरला तरी चालतो, फक्त फेस फार येतो. तो दहा-पंधरा मिनिटांत वर जमतो, काढून टाका.

मग रस एकदा बारीक चाळणीतून ओता. तुकडे आणि बिया अडकल्या म्हणजे पुरे, पारदर्शक करायचा नाही. आता चाखा. रसातली साखर मोजणारं हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर साधारण ११ ते १४ ब्रिक्स दिसेल, म्हणजे १०० ग्रॅम रसात जवळपास तेवढे ग्रॅम साखर. पीएच ४ च्या खाली असावा. आंबटपणा कमी वाटला तर तो वाढवण्याची हीच वेळ.

तापवणं

लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं किंवा आजारपणातून उठलेलं कुणी हा रस पिणार असेल तर तापवण्याला पर्याय नाही. इतरांसाठीही मी तापवावंच म्हणेन. चव थोडी बदलते हे खरं, पण तापमान आवाक्यात ठेवलं तर बदल किरकोळ असतो. उकळी आली तर मात्र सायडरची शिजलेल्या सफरचंदाची चव होते.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मध्यम आचेवर, सतत ढवळत रस ७१ अंश सेल्सिअसपर्यंत न्या. कारखान्यात या तापमानाला ६ सेकंद पुरतात, पण तिथे सगळा रस एकसारखा तापतो. पातेल्यात कडेला एक आणि मध्ये दुसरं तापमान असतं, म्हणून घरी एक मिनिटभर ७१ च्या वर राहू द्या. ८५ च्या पुढे जाऊ नका. थर्मामीटरशिवाय हे काम करू नये, वाफ बघून अंदाज बांधणं भरवशाचं नाही. वर येणारा फेस काढा, गरम धुतलेल्या बाटल्यांत भरा. काचेची बाटली गार असेल तर तडकते, आधी कोमट पाण्यात ठेवा. भरलेल्या बाटल्या कोमट आणि मग बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर गार करा आणि फ्रीजमध्ये हलवा.

काही मोठे उत्पादक उष्णतेऐवजी अतिनील किरणांचा वापर करतात. कॉर्नेल विद्यापीठात विकसित झालेली यंत्रणा त्यासाठी प्रसिद्ध आहे. घरच्या पाण्याच्या फिल्टरमधला दिवा मात्र यासाठी वापरू नका, गढूळ रसातून किरण पुरेसे आत जातच नाहीत.

टिकवणं

४ अंश किंवा त्याहून थंड फ्रीजमध्ये न तापवलेलं सायडर आठवडा-दहा दिवस गोड राहतं. तापवलेलं त्याहून बरंच जास्त टिकतं. तळाला गाळ बसतो, हलवून घ्यायचा. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, जिभेवर चरचर जाणवली किंवा बाटली फुगली तर आंबणं सुरू झालंय. अशी बाटली घट्ट बंद करून ठेवू नका, विशेषतः काचेची. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने ती फुटून इजा होऊ शकते. बाहेरच्या तापमानाला ठेवलेला कच्चा रस दोन-तीन दिवसांत हे सगळं करून दाखवतो.

वर्षभर पुरवायचं असेल तर गोठवा. रस गोठताना फुगतो, म्हणून बाटलीचा दहावा भाग रिकामा सोडा. वितळवताना फ्रीजमध्येच वितळवा. गोठवल्याने यीस्ट झोपतं, मरत नाही, आणि ई. कोलायलाही तेच लागू आहे. तेव्हा तापवायचं असेल तर गोठवण्याआधी तापवा.

विकतच्या बाटलीवर पोटॅशियम सॉर्बेट लिहिलेलं असेल तर यीस्टची वाढ रोखलेली आहे असं समजावं. अशा सायडरपासून कुणी हार्ड सायडर करायला गेलं तर हाती निराशाच येते.

रस फारच जास्त झाला तर मंद आचेवर सात-आठ लिटरचा एक लिटर होईपर्यंत आटवा. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात याला 'बॉइल्ड सायडर' म्हणतात. दाट, काळसर, आंबटगोड पाक तयार होतो, तो फ्रीजमध्ये कित्येक महिने राहतो. शेवटचा तासभर पातेल्यापासून हलायचं नाही, कारण लागायला लागला की क्षणात लागतो. आंबट जातीचा रस यात जास्त घालावा, नाहीतर पाक नुसताच गोड होतो.

आणि दाबयंत्र त्याच संध्याकाळी धुवा. पट्ट्यांच्या फटींत राहिलेला गर दुसऱ्या दिवशी वाळून दगड होतो आणि चिलटांचे थवे जमतात. पिशव्या आधी नुसत्या थंड पाण्यात, मग गरम पाण्यात उकळून धुवा. वासाचा साबण लावू नका, पुढच्या घाण्याच्या रसाला त्याचा वास येतो.